कायम झाला का?

1 ऑगस्ट 2025 ला दुपारी बातमी आली. भारताच्या पुरुष फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी खालिद जमील. मी लगेच एका काकांना फोन लावला. हे काका पश्चिम रेल्वेतून निवृत्त झालेले. तरुणपणी ऑफिस लीगमध्ये बॅकला खेळायचे आणि मुंबई एफसीच्या सामन्यांना कूपरेजवर माझ्या शेजारी बसायचे. म्हटलं, काका, आपला खालिद इंडियाचा कोच झाला. त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. विचारलं, "कायम की हंगामी?"

मुंबईत ऑफिसांच्या संघांचे दिवस होते तेव्हा हाच प्रश्न दुसऱ्या तोंडाने विचारला जायचा. घरी आलेला पाहुणा चहाचा कप हातात घेता घेता फुटबॉल खेळणाऱ्या पोराच्या बापाला म्हणायचा, "कायम झाला का?" गोलांची चौकशी कोणी करत नसे. टाटा, मफतलाल, ओर्के मिल, आरसीएफ, एअर इंडिया, बँक ऑफ इंडिया, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, महिंद्रा अशी नावं होती. ज्याच्या पायात कसब, त्याला यांच्यापैकी कुणाच्या तरी मस्टरवर जागा मिळे. आधी स्टायपेंड, मग हंगामी, आणि नशिबात असेल तर कायम. कायम झालेल्या पोराच्या घरी मुली सांगून येत. गुडघा गेला तरी पगार जात नसे, फक्त टेबल बदलत असे. आज हे कुणाला बेचव वाटेल, पण या शहरातला फुटबॉल पन्नास वर्षं त्या पगारावर जगला. मैदानावरच्या टाळ्यांवर नव्हे.

खालिद जमील त्या व्यवस्थेच्या शेवटच्या टोकाला आला. त्याच्या पायाखालची पायरी तो पुढे सरकला की मागून ढासळत गेली. महिंद्रा युनायटेडचा संघ 2010 मध्ये बंद झाला. एअर इंडियाला 2013 मध्ये क्लब परवान्याच्या अटी पुऱ्या न केल्यामुळे आय-लीग या तेव्हाच्या सर्वोच्च लीगच्या बाहेर काढलं. मुंबई एफसी 2017 मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि लगोलग मिटला. क्लबांकडून खेळताना खालिदने अंगावर घातलेल्या जर्सी या तीनच. काकांचा प्रश्न म्हणूनच मला चावट वाटला नाही.

खालिदचा जन्म कुवेतचा, 21 एप्रिल 1977 चा. आखाती युद्धाच्या काळात कुटुंब भारतात आलं आणि मुंबईत स्थिरावलं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला वाळवंटातल्या शहरातून उचलून लोकलच्या शहरात आणलं की त्याला मित्र दोनच ठिकाणी मिळतात, वर्गात नाही तर मैदानावर. त्याला मैदानावर मिळाले. तो मधल्या फळीत खेळायचा. चेंडू मिळाला की घाई न करणारा, पास देऊन पुन्हा घ्यायला जाणारा. 1997-98 च्या सुमाराला तो महिंद्रात आला, मग चार वर्षं एअर इंडियात, आणि 2002 ला परत महिंद्रात. दरम्यान भारताकडूनही खेळला.

त्या काळातला एक किस्सा फुटबॉलवाले अजून सांगतात. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांनी त्याला बोलावलं होतं. दोघांनाही त्याने नकार दिला, कारण दोघांच्याही छातीवर मद्यकंपनीचं नाव होतं. विशीतल्या खेळाडूच्या दृष्टीने हा नकार किती महागडा होता ते ज्याने कोलकात्याचा फुटबॉल पाहिलाय त्यालाच कळेल. मुंबईत आय-लीगच्या सामन्याला दोन हजार माणसं आली की आम्ही गर्दी म्हणायचो. तिकडे सरावाला त्याहून जास्त येतात. खालिद मुंबईतच राहिला. पुढे याच दोन क्लबांनी त्याला पुन्हा बोलावलं, प्रशिक्षक म्हणून. त्याची गोष्ट नंतर.

महिंद्रा युनायटेडने 2005-06 ला राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. राष्ट्रीय विजेतेपद मुंबईच्या क्लबाकडे येण्याची ती पहिली वेळ. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, साळगावकरकडून आणि भारताकडून खेळलेले बचावपटू. खालिद त्या संघात होता, पण दुखापतींनी त्याला एव्हाना पोखरायला सुरुवात केली होती. त्याच संघात उजव्या बाजूने धावणारा मुंबईचा स्टिव्हन डायस होता. हे नाव लक्षात ठेवा. 2007 मध्ये नव्याने निघालेल्या मुंबई एफसीत खालिद गेला तो खेळाडू म्हणून, पण खेळण्यापेक्षा बाकावर आणि उपचारातच जास्त राहिला. 2009 ला त्याने बूट काढले. वय बत्तीस. ऑफिसच्या जमान्यात या वयाचा खेळाडू सरळ आपल्या टेबलाकडे गेला असता. मुंबई एफसीकडे टेबल नव्हतं, होती ती टचलाइनजवळची प्रशिक्षकाची जागा. ती त्याला मिळाली.

मुंबई एफसीचं मैदान कूपरेज. हे नाव पिंपं बनवणाऱ्यांवरून पडलं. जुन्या मुंबईत या भागात खारवलेल्या मांसासाठी लाकडी पिंपं बांधणाऱ्यांच्या शेड होत्या. 1891 साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा पुढे याच मैदानाची झाली. मी जायला लागलो तेव्हा रोव्हर्स बंद पडून गेली होती. फोर्टातल्या नोकरीतून अर्धी रजा टाकून ओव्हलच्या कडेने चालत जायचो. स्टँडमध्ये निवृत्त रेल्वेवाले, नागपाड्याची पोरं, बांद्र्याहून आलेले दोन-चार गोवेकर आणि एखादा वाट चुकलेला परदेशी पाहुणा. भुईमुगाच्या शेंगा आणि शिव्या, दोन्ही मराठी-हिंदी-कोंकणी मिसळलेल्या.

त्या स्टँडमधून प्रशिक्षक खालिद दिसायचा तो एका जागी उभा न राहणारा माणूस म्हणून. त्याच्या मुंबई एफसीचा खेळ बघायला सुंदर होता असं मी म्हणणार नाही. काका तर स्पष्टच म्हणायचे, "हा आपल्याला झोपवणार." दहा जण चेंडूच्या मागे, मग एक लांब लाथ पुढे, आणि तिथे एकटा परदेशी आघाडीवीर. समोर डेंपो किंवा चर्चिल ब्रदर्स असले की सामना आमच्याच अर्ध्यात चालायचा आणि घड्याळ पुढे सरकायला तयार नसायचं. पण नव्वद मिनिटं संपली की फलकावर बहुतेक वेळा बरोबरी असायची, आणि ती बरोबरी घेऊन आम्ही चर्चगेटकडे जायचो ते पाकीट वाचलेल्या माणसासारखे.

या बरोबरीत काय आहे ते गुणतालिका बघितल्याशिवाय कळत नाही. जिंकलात तर तीन गुण, बरोबरीला एक. मोठ्या संघाला बरोबरी म्हणजे दोन गुण गेले. लहान संघाला एक आला. मोसमभर असे एक-एक करून साठवले की शेवटच्या आठवड्यात तुमच्या खाली दुसरा कुणी तरी असतो आणि बुडतो तो. घर चालवणाऱ्या बाईला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. खालिदने ते सात मोसम चालवलं. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये प्रशिक्षक दिवाळीला येतो आणि होळीला जातो. तिथे सात मोसम एका क्लबात टिकणं दुर्मीळ. घरचं मैदान दुरुस्तीसाठी बंद असताना त्याच्या संघाने पुण्याला बालेवाडीत जाऊन 'घरचे' सामने खेळले. या सात वर्षांत मुंबई एफसी एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही.

2016 मध्ये क्लबाने त्याला बदललं. खेळ बघण्यासारखा नाही ही तक्रार जुनी होती, आणि खरं सांगायचं तर ती आमचीही होती. पुढच्या मोसमात, 2016-17 मध्ये, मुंबई एफसी तळाला गेला, घसरला आणि संपला. आणि त्याच मोसमात, त्याच लीगमध्ये...

पण त्याआधी मिझोरमकडे जायला हवं.

मिझोरमची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत अकरा लाखांच्या जरा आत होती, म्हणजे कल्याण-डोंबिवली महापालिकेपेक्षा कमी. सपाट जमीन इतकी कमी की फुटबॉलचं मैदान डोंगर कापून करावं लागतं. मात्र चर्चएवढंच फुटबॉलचं वेड घराघरात. 2012 मध्ये तिथल्या केबल वाहिनीने पैसे घालून मिझोरम प्रीमियर लीग सुरू केली आणि गावातली पोरं टीव्हीवर दिसू लागली. 2014 मध्ये मिझोरमने संतोष करंडक जिंकला. देशभरातले क्लब तिथून विशी-बाविशीची, हलक्या अंगाची आणि वाऱ्यासारखी पळणारी पोरं उचलू लागले.

मिझोरमचाच ऐजॉल एफसी 2015-16 ला पहिल्यांदा आय-लीगमध्ये आला, नऊ संघांत आठवा राहिला आणि घसरला. त्या उन्हाळ्यात फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंतही पोचला, तिथे मोहन बागानकडून 5-0 असा मार खाल्ला. गोष्ट तिथेच संपायची, पण गोव्यात वेगळंच घडलं. इंडियन सुपर लीगला (आयएसएल) वरची लीग करायचं घाटत होतं. त्या मांडणीला कंटाळून साळगावकर, स्पोर्टिंग क्लब दी गोवा आणि डेंपो या गोव्याच्या तीन जुन्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. जागा रिकाम्या झाल्या. फुटबॉल महासंघाने घसरलेल्या ऐजॉलला परत बोलावलं. गोव्याच्या फुटबॉलची ती शोकांतिका होती. आर्मांदो कुलासोंच्या डेंपोने देशाचं विजेतेपद पाच वेळा जिंकलं होतं. मडगाव-पणजीत लोक हळहळले. तिथून दोन हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या डोंगरात कुणाचं तरी नशीब उघडलं.

खालिदला घरातून काढलेलं, ऐजॉलला लीगमधून काढलेलं. दोघांची गाठ पडली. त्याने आपली माणसं बरोबर नेली. मुंबईचा जयेश राणे, मुंबईत त्याच्याच हाताखाली खेळलेला आशुतोष मेहता. गोलात गोव्याचा अल्बिनो गोम्स. परदेशी खेळाडूंत सिरियाचा महमूद अल अम्ना, लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान, आयव्हरी कोस्टचा कामो बायी. कोलकात्याच्या क्लबांपुढे त्यांचं बजेट चिल्लर होतं. राहिलेली जागा मिझो पोरांनी भरली. ती पोरं स्वस्त होती आणि दमत नव्हती.

मला आजही कुतूहल वाटतं ते एका गोष्टीचं. मुंबईत झोपवणारा खालिद ऐजॉलमध्ये निराळा संघ कसा घडवू शकला? माझा अंदाज साधा आहे. मुंबईत त्याच्याकडे पळणारी माणसं नव्हती, म्हणून त्याने उभी राहणारी माणसं उभी केली. इथे बाजूच्या पट्ट्यात पळणारी पोरं होती, तेव्हा त्याने त्यांना पळू दिलं. मात्र मधोमध जार्यानला खुंटासारखं रोवलं आणि अल अम्नाच्या पायात चेंडू देऊन सांगितलं की वेग तू ठरव. मागची शिस्त तीच, कूपरेजवरची. फक्त चेंडू हिसकावल्यावर पुढे काय करायचं ते बदललं. लोक त्याला हट्टी म्हणतात. मला वाटतं तो हिशेबी आहे. हातात काय आहे ते पाहून स्वयंपाक करतो.

22 एप्रिल 2017. ऐजॉलचं राजीव गांधी स्टेडियम, कृत्रिम गवत, भोवती डोंगर. ऐजॉल आणि मोहन बागान दोघांचे 33 गुण आणि दोघांचे दोन-दोन सामने उरलेले, त्यातला हा एक. बागानला आपला वर्षापूर्वीचा 5-0 आठवत असणार. सामना शून्य-शून्यवर रेंगाळत राहिला. 83 व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि झोहमिंगलियाना राल्ते या बचावपटूने डोक्याने तो आत घातला. 1-0.

आता ऐजॉल 36, बागान 33. शेवटच्या दिवशी, 30 एप्रिलला, ऐजॉलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध काय हवं होतं? एक बरोबरी. आयुष्यभर हा माणूस जी वस्तू जमवत आला, तीच देशाच्या विजेतेपदासाठी लागणार होती. मी तो सामना टीव्हीवर पाहिला. नवव्या मिनिटाला दिपांदा डिकाने लाजाँगला पुढे नेलं आणि मी मनात म्हटलं, गेलं. तिकडे कोलकात्यात बागान जिंकायच्या मार्गावर होता. ऐजॉल हरला असता तर दोघांचे गुण 36 वर समान होऊन प्रकरण किचकट झालं असतं. तासाभराने, 67 व्या मिनिटाला, विल्यम लालनुनफेलाने गोल केला. 1-1. उरलेली वीस-पंचवीस मिनिटं कशी काढायची हे त्या मैदानावर खालिदइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. बागानने चेन्नई सिटीला 2-1 हरवलं, पण 37 विरुद्ध 36. ईशान्य भारतातल्या क्लबाने देशाची सर्वोच्च लीग जिंकण्याची ती पहिली वेळ होती.

आणि ज्या मुंबईने त्याला जा म्हटलं ती त्याच गुणतालिकेत सर्वांत खाली. एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

विजेत्याला बक्षीस काय मिळालं ते सांगायला हवं. आयएसएलमध्ये जागा तरी मिळाली नाही. महासंघ आणि त्याचे व्यापारी भागीदार आयएसएलला देशाच्या फुटबॉलचा चेहरा करायच्या तयारीत होते, आणि आयएसएलमध्ये गुणांवर जायला तेव्हा जिनाच नव्हता. जागा पैशाने मिळत. ऐजॉलचे मालक रॉबर्ट रोमाविया रॉयते यांनी उपोषणाचा इशारा दिला. उपयोग झाला नाही. त्याच वर्षी जमशेदपूरमध्ये पोलादी पैशावर नवा कोरा क्लब निघाला आणि त्याला आयएसएलचं दार उघडलं. खालिद त्या क्लबाच्या दारातून आत शिरला तो पुढे सहा-सात वर्षांनी.

कोलकात्याचं प्रकरण मी पटकन उरकतो, कारण ते त्यानेही तसंच उरकलं. 2017 मध्ये ईस्ट बंगालने त्याला नेलं. पाठोपाठ अल अम्ना आणि काही मिझो पोरंही गेली. पण ईस्ट बंगालला जे हवं होतं ते विजेतेपद, आणि आलं चौथं स्थान. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याच्या शकुन-अपशकुनांच्या सवयींवर रकाने भरले. जिंकणाऱ्या प्रशिक्षकाच्या सवयींना श्रद्धा म्हणतात, हरणाऱ्याच्या सवयींना अंधश्रद्धा. वर सुभाष भौमिकांसारखा जुना जाणता माणूस तांत्रिक संचालक म्हणून आणून बसवला. एका घरात दोन कर्ते झाले की भांड्यांचा आवाज होतोच. सुपर कपच्या अंतिम सामन्यात बंगळुरूकडून 4-1 हरून ते पर्व संपलं. 2019 च्या जानेवारीत मोहन बागानने मोसमाच्या मध्यावर बोलावलं, काही महिने गेले, तेही संपलं. ज्या दोन क्लबांना खेळाडू म्हणून त्याने नाही म्हटलं होतं, त्या दोघांनी प्रशिक्षक म्हणून त्याला फार काळ हो म्हटलं नाही.

इथे आयएसएलच्या एका पद्धतीबद्दल सांगतो. 2014 मध्ये ही लीग निघाली तेव्हापासून मुख्य प्रशिक्षक म्हणजे परदेशी हे गृहीत धरलेलं. स्पॅनिश, पोर्तुगीज, इंग्रज. प्रत्येकाच्या हाताखाली एक भारतीय. तो सराव घेतो, खेळाडूंच्या घरच्या अडचणी ऐकतो, हिंदीत ओरडतो. साहेबाचं बिनसलं की मोसमाच्या मध्ये साहेब विमानात बसतो आणि हाताखालचा माणूस उरलेले सामने सांभाळतो. इंग्रजी पत्रकार त्याला 'इंटरिम' म्हणतात. आपला शब्द बरा आहे: हंगामी. पुढच्या मोसमात नवा साहेब येतो आणि हंगामी माणूस परत मागच्या खुर्चीवर.

खालिद नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये अशाच खुर्चीवर होता. 2020 मध्ये क्रोएशियाचे रॉबर्ट यार्नी गेले, त्याने उरलेला मोसम सांभाळला. 2021 च्या जानेवारीत स्पॅनिश प्रशिक्षक जेरार्ड नूस गेले, पुन्हा खालिद. तो करोनाचा मोसम होता. सगळी लीग गोव्यात, फातोर्डा, वास्को आणि बांबोळीच्या रिकाम्या स्टेडियमांत, खेळाडू हॉटेलात कोंडलेले. प्रेक्षक नसल्यामुळे टीव्हीवर प्रशिक्षकांचं ओरडणं ऐकू यायचं. नॉर्थईस्ट तेव्हा तालिकेच्या मध्यात घुटमळत होता. खालिदने सूत्रं घेतल्यापासून साखळीत संघ एकदाही हरला नाही, 33 गुणांसह तिसरा आला आणि बाद फेरीत पोचला. आयएसएलमध्ये भारतीय माणसाने संघ तिथवर नेण्याची ती पहिली वेळ. उपांत्य फेरीत एटीके मोहन बागानशी पहिला सामना 1-1, दुसरा 1-2.

त्यानंतर ऑक्टोबर 2021 मध्ये त्याला पूर्ण वेळ मुख्य प्रशिक्षक नेमलं. आयएसएल सुरू होऊन सात वर्षं झाली होती आणि कायम झालेला हा पहिला भारतीय. काकांनी त्या दिवशी स्वतः फोन केला होता. "झाला," एवढंच म्हणाले. मी ओळखलं.

कायम झाल्यावरचा मोसम वाईट गेला. अकरा संघांत दहावा. मग तो गेला. पुढे खालच्या लीगमध्ये बंगळुरू युनायटेड. आयएसएलमध्ये पहिला भारतीय म्हणून पाटी लागलेला माणूस खाली उतरून पुन्हा काम करतो, यात त्याच्या स्वभावाचं बरंच काही आहे. ऑफिस लीगमधला जुना खेळाडू कामाला कमीपणा मानत नसे, कमीपणा मानायचा तो बिनकामाचं राहण्यात.

2023-24 चा मोसम अर्धा झाला असताना जमशेदपूरने बोलावलं. इंग्रज प्रशिक्षक स्कॉट कूपर गेले होते. पुन्हा तीच मधली वेळ, तेच पाणी उपसणं. पण इथे त्याला वेळ मिळाला. हाताखाली होता तो स्टिव्हन डायस. हो, महिंद्राच्या 2006 च्या संघातला तोच. दोघेही मुंबईचे, दोघेही अशा क्लबाचे जो आता नाही. 2024-25 ला जमशेदपूर 38 गुणांसह पाचवा आला. बाद फेरीत शिलाँगला जाऊन नॉर्थईस्टला 2-0 हरवलं. उपांत्य फेरीचा पहिला सामना मोहन बागानविरुद्ध घरी 2-1 जिंकला. कोलकात्यात परतीच्या सामन्यात नव्वद मिनिटं होऊन गेली तरी एकूण हिशेब बरोबरीचाच होता. भरपाईच्या वेळेत मिझोरमच्याच अपुइयाने लांबून गोल मारला, 0-2, आणि सगळं संपलं. महिन्याभराने सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाने 3-0 ने धुतलं. चषक नाही मिळाला, पण महासंघाचा वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक हा मान सलग दोन वर्षं, 2023-24 आणि 2024-25, त्याच्याकडेच आला.

भारतीय संघाचा खालिदच्या आधीचा कायम भारतीय प्रशिक्षक म्हणजे गोव्याचे सावियो मेदेरा, 2011-12 चे. त्यांनी सॅफ चषक जिंकून दिला आणि त्यांच्यानंतर डच, इंग्रज, क्रोएशियन, स्पॅनिश अशी रांग लागली. त्याच्याही मागे जायचं तर हैदराबादचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम. 1951 आणि 1962 च्या आशियाई खेळांची सुवर्णपदकं त्यांच्या काळातली. त्यांच्यावर अलीकडे हिंदीत सिनेमा आला तेव्हा थिएटरात माझ्या मागे बसलेल्या मुलाने बापाला विचारलं, खरंच असं झालं होतं? खालिदच्या नेमणुकीच्या वेळी पदासाठी 170 अर्ज आले होते. शेवटच्या यादीत तिघे: दोनदा भारताचा प्रशिक्षक राहिलेला स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचा श्तेफान तारकोविच आणि खालिद. महासंघाची तिजोरी तेव्हा फार भरलेली नव्हती, लीगचं भवितव्य टांगणीला होतं. भारतीय माणूस स्वस्त पडतो हा विचार टेबलावर नव्हताच असं मानायला मी तयार नाही. अशा वेळीच आपली माणसं आठवतात. पण आठवला तो माणूस योग्यच होता.

काकांना त्या दिवशी मी उत्तर दिलं, "कायम. दोन वर्षांचा करार, जमलं तर आणखी एक." फोनवर थोडी शांतता. "दोन वर्षांला कायम म्हणतात का आता?"

सुरुवात तर झकास झाली. ऑगस्टच्या अखेरीस मध्य आशियाई संघांच्या स्पर्धेत, ताजिकिस्तानात हिसोरला, त्यांच्याच मैदानावर, 2-1. अन्वर अली आणि संदेश झिंगन या दोन बचावपटूंचे पहिल्या पंधरा मिनिटांत गोल, मग उरलेला वेळ तग धरणं, गोलरक्षक गुरप्रीतने अडवलेली पेनल्टी. काका म्हणाले, "हे तर कूपरेज." त्याआधी भारताने परदेशात जिंकलेला सामना जवळजवळ दोन वर्षांपूर्वीचा होता, 2023 च्या नोव्हेंबरातला. तो झाला होता कुवेत शहरात. त्या स्पर्धेत पुढे इराणकडून 0-3 अशी हार झाली, अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी, आणि तिसऱ्या जागेसाठी ओमानशी 1-1 नंतर पेनल्ट्यांवर विजय. ओमान क्रमवारीत पन्नासहून अधिक पायऱ्या वर.

मग ऑक्टोबर. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत आधीच्या दोन सामन्यांत भारताकडे एकच गुण जमा होता. सिंगापूरमध्ये मध्यंतराच्या तोंडावर गोल खाल्ला, मध्यंतरानंतर लगेच झिंगनला लाल कार्ड. दहा माणसांनी चाळीसहून अधिक मिनिटं खिंड लढवली आणि नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने चेंडू आत ढकलला. 1-1. मला वाटतं खालिदच्या साऱ्या कारकिर्दीत यापेक्षा अस्सल खालिदी सामना दुसरा नसेल.

पाच दिवसांनी, 14 ऑक्टोबरला, तोच सिंगापूर मडगावच्या फातोर्डावर आला. या वेळी बरोबरीने भागणार नव्हतं. जिंकायला हवं होतं. संघात सुनील छेत्री होता, ज्याला खालिदने ताजिकिस्तानला नेलं नव्हतं आणि आता परत बोलावलं होतं. चौदाव्या मिनिटाला छांगतेने लांबून असा फटका मारला की स्टँडमधला गोवा उठून उभा राहिला. लालियानझुआला छांगते, मिझोरमच्या लुंगलेईचा, मुंबई सिटीकडून खेळणारा. खालिदच्या आयुष्यातली दोन गावं त्या एका पायात. भारत पुढे होता. आता तग धरायचा की पुढे जायचं? संघ दोन्हीच्या मध्ये अडकला. मध्यंतराच्या आधी साँग उई-यंगने बरोबरी साधली आणि 58 व्या मिनिटाला त्यानेच दुसरा घातला. 1-2. आशियाई चषक गेला. नंतरच्या पत्रकार परिषदेत खालिदची उत्तरं नेहमीसारखीच आखूड होती. बोलण्यात तो कधीच रमला नाही.

उरलेले सामने नावापुरते होते. 18 नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने बाराव्या मिनिटाच्या आत गोल केला आणि तो शेवटपर्यंत जपला, अगदी जुन्या मुंबई एफसीसारखा. 0-1. त्याआधी बांगलादेशने भारताला हरवल्याला 22 वर्षं झाली होती.

त्या रात्री काकांचा फोन आला नाही. मीही केला नाही.